मी कुठे काय बोललो?

"हं... हे काही मला बरं दिसत नाही."

बस्स, एवढंच वाक्य आहे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाचा तिसरा अंक, तिसरा सीन. सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ साहेबाच्या बायकोशी, डेस्डेमोनाशी, बोलून घाईघाईने निघालाय, कारण दारू पिऊन राडा केल्यामुळे त्याची नोकरी गेलीय आणि साहेबासमोर उभं राहायची त्याला लाज वाटतेय, आणि नेमका तेव्हाच ऑथेल्लो आणि त्याचा ध्वजधारी इयागो तिथे येतात. इयागो हे वाक्य स्वतःशीच पुटपुटल्यासारखं टाकतो. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? तर म्हणतो, काही नाही साहेब, किंवा... जाऊ दे, मलाच माहीत नाही. मग ऑथेल्लो आपणहून विचारतो, आत्ता माझ्या बायकोपाशी होता तो कॅसिओच ना? आणि इयागो म्हणतो, "कॅसिओ? छे, तुम्ही येताय बघून तो कशाला असा चोरासारखा सटकेल!"

यात आरोप कुठाय सांगा. उलट बाजूच घेतलीय की त्याने कॅसिओची! उद्या कोणी जाब विचारलाच तर हा छातीठोकपणे म्हणू शकतो, मी कुठे काय बोललो? आणि 'चोरासारखा' हा एक शब्द मात्र तोवर ऑथेल्लोच्या डोक्यात जाऊन बसलेला असतो.

कॉलेजात हे नाटक अभ्यासाला होतं तेव्हा आम्हाला इयागो म्हणजे खोटारडा, कपटी, सैतानी वगैरे विशेषणांची माळ घालून शिकवला गेला. ती विशेषणं चुकीची नाहीत. पण नंतर सावकाश वाचताना लक्षात येतं की हा माणूस सरळसोट खोटं फार उशिरा बोलतो. आधी बराच वेळ तो नुसती वाक्यं अर्धी सोडतो. अर्ध्या वाक्याची गंमत अशी, की ते पूर्ण करणाऱ्याला वाटतं आपल्यालाच सुचलं. आणि आपल्याला सुचलेल्या गोष्टीवर कोण कशाला संशय घेईल?

आपल्याकडे कान भरणाऱ्यांची काही कमी नाही, मंथरेपासून सुरुवात करता येईल. पण मंथरा निदान तोंडावर बोलते. कैकेयी रामाच्या राज्याभिषेकाची बातमी ऐकून खूश होते, तिला दागिना काढून देते, आणि मंथरा तो भिरकावून देऊन सरळ सांगते की बाई गं, तुझं आणि तुझ्या पोराचं काही खरं नाही. तिला काय हवंय, ती कोणाच्या बाजूची आहे, सगळं उघड आहे. इयागोचं तसं नाही. त्याला जे सांगायचंय ते त्याच्या तोंडून काढण्यासाठी समोरच्याला त्याच्या विनवण्या कराव्या लागतात! ऑथेल्लो अक्षरशः गयावया करतो, की बाबा तुझ्या मनात जे काय वाईटात वाईट असेल ते बोल. आणि हा म्हणतो, नको साहेब, माझा स्वभावच वाईट, मला नको तिथे नको ते दिसतं, तुम्ही माझं मनावर घेऊ नका.

मी पूर्वी एका ठिकाणी नोकरीला होते तिथे एक बाई होत्या, त्यांची स्टाइल डिट्टो हीच. "अगं काही नाही, सोड." आता 'सोड' म्हटल्यावर कोणी सोडतं का? समोरची मुलगी मग जेवणाची सुट्टी संपेपर्यंत त्यांच्या मागे, सांगा ना, सांगा ना, आणि शेवटी बाई एक सुस्कारा टाकून अर्धा तुकडा द्यायच्या, वर "तुला म्हणून सांगते, माझं नाव घेऊ नकोस हां". दोन चांगल्या मैत्रिणी त्या एका तुकड्यावर महिनोन्महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. बाई मात्र दोघींनाही समजावत होत्या, आणि दोघींनाही त्या फार प्रेमळ वाटायच्या.

"माझं नाव घेऊ नकोस" याच्याकडे पुन्हा येऊ.

आधी इयागोचा हिशेब. वय अठ्ठावीस, हे तो स्वतःच सांगतो, चार साते वर्षं मी हे जग बघतोय म्हणून. सैन्यात बढतीची आशा होती, ऑथेल्लोने ती कॅसिओला दिली. कॅसिओ म्हणजे फ्लॉरेन्सचा पुस्तकी गडी, रणांगणावर एक तुकडी कधी उभी केली नाही असं इयागोचं म्हणणं. हे राग यायला पुरेसं कारण आहे, कोणालाही येईल. पण त्याचं तेवढ्यावर भागत नाही. थोड्या वेळाने तो म्हणतो, ऑथेल्लोचं माझ्या बायकोशी काहीतरी होतं असं लोक म्हणतात, खरं की खोटं मला माहीत नाही, पण मी ते खरंच आहे असं धरून चालणार. मग म्हणतो, डेस्डेमोना मलाही आवडते. मग म्हणतो, कॅसिओवरसुद्धा मला तसाच संशय आहे. इतकी कारणं ज्याला द्यावी लागतात त्याच्याकडे एकही धड कारण नसतं, असं माझं मत. इंग्रज कवी कोलरिजने या प्रकाराला कारण नसलेल्या दुष्टपणाने चालवलेला कारणांचा शोध म्हटलं होतं आणि ते आजही सगळीकडे उद्धृत होतं, पण मला त्यात एक भर घालावीशी वाटते. 'लोक म्हणतात, मी ते खरं धरून चालणार', हे तो आधी स्वतःवर वापरतो आणि नंतर तेच ऑथेल्लोला देतो.

शेक्सपिअरने ही गोष्ट चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या १५६५ च्या कथासंग्रहातून उचलली. तिथला ध्वजधारी डेस्डेमोनाच्या प्रेमात असतो, ती त्याला भाव देत नाही, म्हणून तो सूड घेतो. सरळ हिशेब. ज्या रुमालावरून बायकोवरचा संशय पक्का होतो, तो चोरायची पद्धतही तिथे अंगावर येणारी आहे, तो आपल्या लहान मुलीला डेस्डेमोनाकडे देतो आणि ती पोरीला खेळवत असताना हळूच तिच्या कमरेचा रुमाल काढून घेतो. शेक्सपिअरने ते प्रेमप्रकरण जवळजवळ पुसून टाकलं, पोरगीही काढली. व्हर्दीचा ऑपेरा १८८७ साली आला, त्यात शब्द लिहिणाऱ्या बोइतोने इयागोला एक आख्खं गाणं दिलं, की मी एका क्रूर देवाला मानतो आणि त्याने मला त्याच्यासारखंच घडवलं. गाणं जबरदस्त आहे, पण मला ते ऐकताना दर वेळी वाटतं, हा आपला इयागो नाही. आपला इयागो असं छाती पुढे काढून काही मानतबिनत नाही. तो मदत करतो.

हो, मदत. नाटकभर तो तेवढंच करताना दिसतो. रॉडेरिगो डेस्डेमोनापायी वेडा झालाय, त्याला हा म्हणतो पैसे जमव, जमिनी विक, मी आहे ना, आणि ते पैसे स्वतःच्या खिशात घालतो. कॅसिओला दारू झेपत नाही हे माहीत असताना त्याला विजयाच्या रात्री आग्रह करून पाजतो, रॉडेरिगोला त्याच्या अंगावर सोडतो, मारामारी होते, सायप्रसचा अधिकारी माँटानो जखमी होतो, ऑथेल्लो झोपेतून उठून येतो, आणि साक्ष कोण देतं? इयागो. तीही कशी, माझी जीभ कापा पण कॅसिओविरुद्ध मी बोलणार नाही, असं म्हणत म्हणत सगळं सांगून टाकतो. ऑथेल्लो म्हणतो, मला कळतंय, तू मैत्रीपोटी त्याचं सौम्य करून सांगतोयस. आणि कॅसिओची नोकरी जाते!

मग रडणाऱ्या कॅसिओच्या खांद्यावर हात ठेवायलाही हाच. कॅसिओ म्हणतो माझी अब्रू गेली, अब्रू गेली. इयागो म्हणतो अरे अब्रूचं काय घेऊन बसलास, ती लायकी नसताना मिळते आणि चूक नसताना जाते, मला वाटलं तुला कुठे लागलंबिगलं. आणि हाच माणूस पुढच्या अंकात ऑथेल्लोला गंभीर चेहऱ्याने सांगतो की माझं पाकीट चोरलं तर कचरा चोरला, पण माझं नाव चोरलं तर मी भिकेला लागलो. दोन्ही वाक्यं सुंदर आहेत, दुसरं तर लोक सुविचार म्हणून वापरतात, ते कोणाच्या तोंडचं आहे हे न बघता. मला वाटतं त्याचं स्वतःचं यावर काहीच मत नाही. समोरच्याला जे ऐकून बरं वाटेल किंवा जे टोचेल, ते.

कॅसिओला तो सल्ला काय देतो, तर डेस्डेमोनाकडे जा, ती मनाने मोठी आहे, तुझ्यासाठी शब्द टाकेल. हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे! आणि कॅसिओ गेल्यावर तो आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे वळून म्हणतो, आता कोण म्हणेल मी व्हिलन आहे, इतका चांगला, फुकटचा सल्ला दिला मी. इथे मला दर वेळी हसू येतं आणि मग हसल्याचं कसंतरी वाटतं. कारण या नाटकात त्याचा बेत फक्त आपल्याला माहीत असतो. तो ऑथेल्लोहून जास्त बोलतो, त्यातलं कितीतरी थेट आपल्याशी, आणि आपण तिकीट काढून गप्प बसलेलो असतो.

आता परत त्या तिसऱ्या सीनकडे. पुढे इयागो एक साधा प्रश्न विचारतो, तुमचं लग्न ठरण्याआधी कॅसिओला तुमच्या प्रेमाबद्दल माहीत होतं का? हो, तो तर आमच्यात निरोप्या होता. असं का? का रे, तो प्रामाणिक नाही का? प्रामाणिक, साहेब? हो, प्रामाणिक. मला माहीत आहे तिथपर्यंत तरी. तुला काय वाटतं? वाटतं, साहेब? ऑथेल्लो चिडतो, अरे हा माझेच शब्द मला परत देतोय, जणू याच्या मनात कसलातरी राक्षस आहे, दाखवण्यासारखा नाही असा. खरं तर इयागोने अजून काहीही सांगितलेलं नाहीये. राक्षस ज्याने बघितला त्याच्याच डोक्यातला आहे.

आणि मग तो मत्सरापासून सावध राहा म्हणतो. त्याच्या आधी मत्सर हा शब्दसुद्धा ऑथेल्लोने काढलेला नसतो.

पण खरा घाव त्यानंतर आहे, आणि तो अत्यंत शांतपणे केलेला आहे. इयागो म्हणतो, मी इथला आहे, आमच्या व्हेनिसच्या बायका मला चांगल्या माहीत आहेत, नवऱ्याला दाखवू धजत नाहीत ते त्या देवाला खुशाल बघू देतात. म्हणजे मी आतला, तुम्ही बाहेरचे. ऑथेल्लो मोठा सेनापती, व्हेनिसचं सरकार मध्यरात्री त्याला बोलावून घेतं कारण तुर्कांविरुद्ध त्याच्याशिवाय चालत नाही, पण तो मूर, म्हणजे आफ्रिकेकडचा आहे, रंगाने काळा आहे, आणि लग्नासाठी तो चालत नाही हे सासऱ्याने भर दरबारात सांगून झालंय. तो सासरा, ब्राबान्शिओ, जाता जाता म्हणून गेलेला असतो, लक्ष ठेव, तिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल. इयागो तेच वाक्य जपून ठेवतो आणि बरोब्बर वेळी काढतो, तुमच्याशी लग्न करताना तिने वडिलांना फसवलंच की. हे तर खरं आहे! आणि एकदा हे खरं वाटलं की पुढचं सगळं ऑथेल्लो स्वतः करतो, मी काळा आहे म्हणून असेल, मला गोड बोलता येत नाही, वय झालंय माझं... इयागो तिथे नसतोही, तो बाहेर गेलेला असतो.

रुमालाबद्दल सगळेच बोलतात. १६९३ साली थॉमस रायमर नावाच्या टीकाकाराने या शोकांतिकेची भरपूर टिंगल केली, की यातून बोध काय घ्यायचा तर बायकांनी आपली कापडं नीट सांभाळावीत. विनोद चांगला आहे. पण रुमाल पडतो कसा ते बघा ना. ऑथेल्लो डोकं दुखतंय म्हणतो, डेस्डेमोना आपल्या रुमालाने त्याचं कपाळ बांधायला जाते, तो म्हणतो तुझा रुमाल लहान पडतो, आणि रुमाल खाली पडतो. ती तो विसरते कारण तिचं सगळं लक्ष नवऱ्याच्या दुखण्याकडे आहे. पुढे इयागो तोच रुमाल कॅसिओकडे पोचवतो आणि तो तिच्या बेइमानीचा पुरावा ठरतो. डेस्डेमोनाच्या सेवेतली एमिलिया, म्हणजे इयागोची बायको, तो उचलते, नवरा कितीदातरी मागत होता म्हणून त्याला देते, कशाला हवाय विचारते, आणि तो उत्तर देत नाही.

मला तर एका साध्या गोष्टीचं नवल वाटतं. सायप्रसला ही मंडळी तीन वेगवेगळ्या जहाजांतून पोचतात, कॅसिओ एकात, ऑथेल्लो दुसऱ्यात, आणि डेस्डेमोना तिसऱ्यात, खुद्द इयागोच्या सोबतीने, कारण ऑथेल्लोनेच तिला त्याच्या हवाली केलं होतं, माणूस प्रामाणिक आहे म्हणून. तिथे उतरल्यापासून ऑथेल्लो डेस्डेमोनाचा खून करतो तिथपर्यंतचा हिशेब लावला तर जेमतेम दीड दिवस होतो. मग कॅसिओ आणि डेस्डेमोनाचं हे प्रकरण घडलं कधी? बोटावर मोजलं असतं तरी कळलं असतं. अभ्यासक म्हणतात शेक्सपिअरने दोन घड्याळं चालवलीत, एक भराभर पळणारं आणि एक सावकाश, कारण त्याच दीड दिवसात कॅसिओची प्रेयसी बियांका त्याला म्हणते आठवडाभर फिरकला नाहीस. असेल. पण संशय आलेल्या माणसाचं घड्याळ असंच चालतं, त्याला दीड दिवसात हजार वेळा घडलेलं दिसतं. शेवटी ऑथेल्लो म्हणतोही, हजार वेळा.

आता "माझं नाव घेऊ नकोस" कडे. इयागोच्या सगळ्या खेळाला एकच धोका आहे, तो म्हणजे ही माणसं एकमेकांशी थेट बोलली तर. बाकी कशाची त्याला भीती नाही. रॉडेरिगो एकदा वैतागून म्हणतो, माझे दागिने तिला पोचलेच आहेत ना, मग मी स्वतः जातो डेस्डेमोनाकडे आणि परत मागतो. झालं, इयागो लगेच त्याचं कौतुक करतो, वा, आता तुझ्यात दम दिसतोय, आणि त्याला कॅसिओच्या खुनाच्या कामाला लावतो. कॅसिओला मारायचं कारणही तो स्वतःशी बोलून दाखवतो, की एक तर त्याच्या आयुष्यात असं काही सुंदर आहे की त्याच्यापुढे मी कुरूप दिसतो (नाटकातलं त्याचं सगळ्यात खरं वाक्य हेच असावं), आणि दुसरं म्हणजे ऑथेल्लो कधीतरी त्याला माझं नाव सांगून टाकेल.

चौथ्या अंकात तर कॅसिओ चार पावलांवर उभा असतो. ऑथेल्लो आडोशाला लपून बघतोय, इयागो कॅसिओला बियांकाबद्दल छेडतोय, तो खो खो हसतोय, आणि ऐकू न येणारं ते हसणं ऑथेल्लो आपल्या बायकोच्या नावे धरतोय. सैन्याचा सेनापती, हुकूम दिला तर कॅसिओ धावत येईल, आणि तो लपलाय. बायकोलाही तो धड विचारत नाही. तिला चारचौघांत थप्पड मारतो, वेश्या म्हणतो, आणि ती विचारते माझ्या हातून नकळत काय पाप घडलं ते तरी सांगा, तर त्याचं उत्तर नाही, कॅसिओचं नाव नाही. एमिलियाला मात्र आधी विचारतो. ती शपथेवर सांगते की बाईसाहेब निर्दोष आहेत. पण तोवर उशीर झालाय, आता कोणीही चांगलं बोललं की तेही कटात सामील.

एमिलियाबद्दल खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. डेस्डेमोना रडत असताना ती संतापून म्हणते, कोणीतरी हरामखोराने, नोकरी नाहीतर बढती मिळवण्यासाठी, कोणीतरी लुडबुड्या कपटी माणसाने हे रचलंय, नसेल तर मला फाशी द्या. हे ती इयागोच्या समोर म्हणतेय! वर्णन शंभर टक्के बरोबर, माणूस शेजारी उभा, आणि तो म्हणतो छे, असा माणूस असूच शकत नाही. मग डेस्डेमोना गुडघे टेकून त्याच इयागोला विचारते, मी काय करू सांगा.

आणि शेवटच्या अंकात, खून झाल्यावर, ऑथेल्लो एमिलियाला सांगतो, तुझ्या नवऱ्याला सगळं माहीत होतं. ती म्हणते, माझ्या नवऱ्याला? तो पुढे बोलतो. ती पुन्हा, माझ्या नवऱ्याने सांगितलं? पुन्हा तेच, माझा नवरा? ऑथेल्लो चिडतो, काय तेच तेच लावलंयस. त्या तिसऱ्या सीनमध्ये इयागो शब्द परत परत टाकत होता ना, तसेच हे शब्द आहेत, फक्त इथे बोलणाऱ्या बाईला खरोखरच कळत चाललंय. मग ती थांबत नाही. नवरा तलवार उपसतो, घरी जा म्हणतो, ती म्हणते एरवी मी तुमचं ऐकेन, आत्ता नाही, आणि रुमालाचं सांगून टाकते. तो तिला भोसकतो. लोकांच्या देखत स्वतःच्या हाताने केलेलं त्याचं हे एकमेव उघड काम.

एडविन बूथ आणि हेन्री आयर्विंग या नटांनी १८८१ मध्ये लंडनला ऑथेल्लो आणि इयागो या दोन भूमिका आलटून पालटून केल्या होत्या. बूथचं इयागो करणाऱ्यांना सांगणं असं, की भुवया चढवून गुरगुरू नका, इतर पात्रांना तो जसा वाटतो तसाच दिसा, प्रेक्षकांनाही तुमच्या प्रामाणिकपणाने जिंकायचा प्रयत्न करा. हे बरोबरच आहे. ऑथेल्लो शेवटी त्याच्या पायांकडे बघतो, सैतानाला खुरं असतात म्हणे, आणि म्हणतो, छे, ती दंतकथा. पाय साधेच असतात. का केलंस म्हणून विचारलं तर इयागो म्हणतो, मला काही विचारू नका, तुम्हाला माहीत आहे ते माहीत आहे, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही.

मारण्याआधी डेस्डेमोनाने सांगितलं होतं, रुमाल मी कॅसिओला दिलेला नाही, त्याला बोलवा आणि विचारा. एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. ऑथेल्लो म्हणाला होता, त्याचं तोंड आता बंद झालंय, इयागोने बंदोबस्त केलाय. पण कॅसिओ मेलेला नसतो, नुसता पायाला वार लागलेला असतो, त्याला खुर्चीत बसवून आणतात. आणि इयागो गप्प झाल्यावर, ती मेल्यावर, ऑथेल्लो नाटकात पहिल्यांदाच त्याला रुमालाबद्दल सरळ विचारतो, कॅसिओ, माझ्या बायकोचा रुमाल तुझ्याकडे कसा आला?

कॅसिओ म्हणतो, माझ्या खोलीत सापडला.